विश्लेषण : काळ्या आजारावरील औषध कंदिलाच्या उजेडात कसे सापडले? कोण होते डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी?

शंभर वर्षांपूर्वी आसाम आणि बंगालमधील एखाद्या घरात काळा आजार शिरला, की घरचे लोक आशा सोडून देत. उपचार न मिळालेल्या शंभर रुग्णांपैकी नव्वदहून अधिक दगावत. या रोगावर भरवशाचे औषध आले ते कोलकात्यातील एका दुय्यम समजल्या जाणाऱ्या वैद्यकीय शाळेतून. तिथल्या खोलीत ना वीज होती, ना गॅस, ना पाण्याचा नळ. औषध तयार करणारे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे त्याच शाळेत शिकवत आणि तिथल्याच रुग्णालयात रुग्ण तपासत. त्यांनी काय केले, कसे केले आणि त्यांचे काम आजही महत्त्वाचे का आहे, याचा हा आढावा.

काळा आजार म्हणजे काय?

‘लिशमेनिया डोनोव्हानी’ या एकपेशीय परजीवीमुळे हा रोग होतो. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलाव्यात राहणारी वाळूमाशी (सँडफ्लाय) चावल्याने हा परजीवी माणसाच्या शरीरात जातो. विदर्भातील चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा मेंदूज्वराचा विषाणूही वाळूमाश्यांमार्फतच पसरतो. मात्र ते दोन अगदी वेगळे रोग आहेत.

काळा आजार हळूहळू वाढतो. आठवडेच्या आठवडे ताप येत राहतो. प्लीहा (पाणथरी) आणि यकृत सुजतात. पोट पुढे येते आणि हातपाय मात्र काटकुळे होतात. रक्त कमी होते, रोगप्रतिकारशक्ती ढासळते आणि बऱ्याच रुग्णांचा शेवट न्यूमोनिया किंवा जुलाबासारख्या दुसऱ्याच संसर्गाने होतो. काही रुग्णांची त्वचा काळवंडते, त्यावरून ‘काला आजार’ हे नाव पडले.

आसाममध्ये काय घडले होते?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग गारो टेकड्यांच्या भागातून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात वर सरकत गेला. नौगाव (आजचे नगाव) जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत मोठ्या प्रमाणावर घटली. गावे ओस पडली, भातशेती पडीक राहिली. चहाच्या मळ्यांत रोग पसरू नये म्हणून मजुरांना जुन्या वस्त्यांतून हलवून नव्या जागी वसवण्यात आले.

हा रोग नेमका कोणता, यावर डॉक्टरांचेच एकमत नव्हते. सरकारने पाठवलेल्या एका तज्ज्ञाने तो आकडीकृमींमुळे (हुकवर्म) होतो असे सांगितले. दुसऱ्याने तो तीव्र मलेरिया असल्याचा निष्कर्ष काढला. अखेर १९०३ मध्ये विल्यम लिशमन आणि चार्ल्स डोनोव्हान या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे रुग्णांच्या प्लीहेत आढळलेला परजीवी जगासमोर मांडला. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावे गुंफून त्याचे नामकरण केले. शत्रू कोण हे कळले होते, पण त्याला मारायचे कसे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

उपेंद्रनाथांची जडणघडण कशी झाली?

उपेंद्रनाथांचा जन्म १८७३ चा. वडील नीलमणी ब्रह्मचारी बिहारमधील जमालपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेत डॉक्टर होते. मूळ घराणे बंगालमधील बर्दवान जिल्ह्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याच जिल्ह्याच्या नावाने ओळखल्या गेलेल्या ‘बर्दवान तापा’ने बंगालमध्ये असंख्य बळी घेतले होते. तो ताप म्हणजे केवळ मलेरिया नसून त्यात काळा आजारही मिसळलेला होता, असे उपेंद्रनाथांनी पुढे १९११ मध्ये एका लेखात मांडले.

शालेय शिक्षण जमालपूरला झाल्यावर हुगळीच्या महाविद्यालयातून त्यांनी गणित आणि रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली. त्यानंतर कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्रात एमए केले. त्या काळी तिथे प्रफुल्लचंद्र राय शिकवत होते. गणित आणि रसायनशास्त्रात गती असूनही ते वैद्यकाकडे वळले. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून एमबी करताना औषधवैद्यक आणि शल्यक्रिया या दोन्ही विषयांत ते पहिले आले. १९०२ मध्ये एमडी आणि १९०४ मध्ये रक्तातील तांबड्या पेशी कशा फुटतात या विषयावर पीएचडी, असा त्यांचा पुढचा प्रवास झाला.

रसायनशास्त्राची पक्की बैठक असलेला डॉक्टर ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. पुढे हाच मुद्दा निर्णायक ठरला.

संशोधन कॅम्पबेल शाळेतच का झाले?

ब्रिटिश राजवटीत मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकपदे आणि प्रयोगशाळा प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. या सेवेत बहुतांश ब्रिटिश होते. भारतीय डॉक्टरांच्या वाट्याला बहुधा प्रांतिक सेवा येई. उपेंद्रनाथही प्रांतिक सेवेतच होते. ढाक्याच्या वैद्यकीय शाळेत काही वर्षे काढल्यावर १९०५ मध्ये त्यांची बदली कोलकात्यातील सियालदहजवळच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये झाली. तिथे ते औषधवैद्यक शिकवत आणि रुग्णालयाचे फिजिशियन म्हणूनही काम पाहत. ही शाळा म्हणजे आजचे नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय.

कॅम्पबेलमध्ये पदवी नव्हे, परवाना-पदविका मिळे. संशोधनासाठी निधी, यंत्रे, सहायक यांचा दुष्काळ होता. मात्र एक गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे रुग्ण. बंगालच्या खेड्यांतून आलेले, महिनोन्‌महिने तापाने पोळलेले गरीब लोक तिथल्या वॉर्डात भरती होत. सकाळी वॉर्डात रुग्ण पाहायचा, विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात रुग्णालयातल्या छोट्या खोलीत रसायने हाताळायची, असा उपेंद्रनाथांचा क्रम सुमारे दोन दशके चालला. मलेरियाचे प्रकार, कोलकाता आणि ढाका येथील ताप, ‘ब्लॅकवॉटर फिव्हर’ अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. पण मुख्य ध्यास होता तो काळ्या आजाराचा.

अँटिमनीचा मार्ग कोणी दाखवला?

डोळ्यांत घालायच्या पारंपरिक सुरम्यात ज्याचे संयुग असे, तो अँटिमनी हा धातूसदृश पदार्थ परजीवींना मारतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागले होते. ब्राझीलमध्ये गॅस्पार व्हियाना यांनी लिशमेनियामुळे होणाऱ्या त्वचारोगावर टार्टार इमेटिक हे अँटिमनीचे संयुग यशस्वीपणे वापरले. १९१५ च्या सुमारास सिसिलीत इटालियन डॉक्टरांनी आणि कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ते काळ्या आजारावर वापरून पाहिले. रुग्ण बरे होत होते.

पण अडचणी मोठ्या होत्या. शिरेतून द्यावी लागणारी इंजेक्शने दोन-तीन महिने चालत. उलट्या, खोकला, हृदयावरील ताण हे त्रास नेहमीचे. इतका काळ रुग्णालयात राहणे मजुराला परवडत नसे. थोडे बरे वाटताच लोक घरी जात आणि ताप पुन्हा उलटे. शिवाय औषध काहींच्या शरीराला झेपतच नसे.

उपेंद्रनाथांनी या औषधात टप्प्याटप्प्याने बदल केले. पोटॅशियम शरीराला अधिक घातक ठरते, म्हणून त्यांनी त्याऐवजी सोडियम असलेले संयुग वापरले. नंतर अँटिमनीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले कलिल (कोलॉइड) तयार केले. त्याचा गुण चांगला येत होता, पण ते मोठ्या प्रमाणावर बनवणे आणि टिकवणे जमणारे नव्हते. आसाममधील हजारो रुग्णांपर्यंत जे पोहोचू शकत नाही, ते औषध उपयोगाचे नाही, हे उघड होते.

युरिया स्टिबामाइन कसे तयार झाले?

त्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख यांनी आर्सेनिकच्या सेंद्रिय संयुगांतून सिफिलिसवरचे औषध शोधून काढले होते. निव्वळ विषारी धातू देण्याऐवजी तो सेंद्रिय रेणूत बांधून दिला, तर रोगजंतूवर मारा होतो आणि माणसाला होणारी इजा कमी राहते, हा त्यामागचा विचार. आवर्तसारणीत आर्सेनिक आणि अँटिमनी एकाच गटात, एकाखाली एक येतात. रसायनशास्त्र शिकलेल्या उपेंद्रनाथांना ही वाट दिसली. आर्सेनिकच्या जागी अँटिमनी असलेले सेंद्रिय संयुग बनवायचे, असे त्यांनी ठरवले.

१९१९ च्या अखेरीस त्यांना इंडियन रिसर्च फंड असोसिएशनकडून काही निधी मिळाला. ही संस्था म्हणजे आजच्या आयसीएमआरचे पूर्वरूप. कॅम्पबेलमधील त्या खोलीत प्रयोग सुरू झाले. रात्री उशिरापर्यंत रॉकेलच्या कंदिलावर काम चाले, खोलीत धूर कोंडे. अशाच एका रात्री हाती आशादायक निष्कर्ष आल्याची आठवण उपेंद्रनाथांनी आयुष्यभर जपली. ती खोली त्यांना पुढे तीर्थस्थानासारखी वाटत असे.

१९२० मध्ये पॅरा-स्टिबॅनिलिक आम्ल आणि युरिया यांच्या संयोगातून त्यांनी एक संयुग मिळवले. त्याला त्यांनी युरिया स्टिबामाइन असे नाव दिले. प्राण्यांवर चाचणी घेऊन विषारीपणा तपासल्यानंतर ते कॅम्पबेलच्या वॉर्डातील रुग्णांना देण्यात आले. ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये त्यांनी या औषधाने बरे झालेल्या आठ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. महिनोन्‌महिने चालणारा उपचार आता काही आठवड्यांवर आला होता आणि रुग्णाला लागणारी एकूण मात्रा अवघी दीड ग्रॅमच्या आसपास होती.

औषध सापडले, पण लोकांपर्यंत कधी पोहोचले?

आठ रुग्णांचा अनुभव म्हणजे सिद्ध औषध नव्हे. इतर डॉक्टरांनी ते वापरून पाहणे, मोठ्या प्रमाणावर तयार होणे, दूरच्या दवाखान्यांत पोहोचणे यासाठी वेळ लागणारच होता. या मधल्या काळाची किंमत काय असते, याचे एक उदाहरण कोलकात्यातच दिसते. बंगाली बालसाहित्यातील थोर लेखक आणि सत्यजित राय यांचे वडील सुकुमार राय हे १९२१ पासून काळ्या आजाराने अंथरुणाला खिळले होते. १० सप्टेंबर १९२३ रोजी वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा सत्यजित जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. उपेंद्रनाथांचा आठ रुग्णांवरील लेख प्रसिद्ध होऊन त्या वेळी एक वर्षही उलटले नव्हते.

१९२३ पासून शिलाँगच्या पाश्चर संस्थेत मेजर हेन्री शॉर्ट यांनी हे औषध वापरायला सुरुवात केली. उपेंद्रनाथांशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडून, दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या रुग्णांवर झालेली ही पडताळणी महत्त्वाची होती. निष्कर्ष चांगले आले. त्यानंतर आसामच्या दवाखान्यांतून आणि चहाच्या मळ्यांतून औषधाचा वापर वाढत गेला. जिथे दहातले नऊ रुग्ण मरत, तिथे दहातले नऊ वाचू लागले. साधारण दहा वर्षांत आसाममध्ये सव्वातीन लाख लोकांचे प्राण वाचल्याचा अंदाज तिथल्या सरकारने १९३० च्या दशकात मांडला.

बऱ्या झालेल्या रुग्णांच्या त्वचेवर काय दिसले?

उपेंद्रनाथांचा दुसरा मोठा शोध औषधाइतका गाजला नाही, पण आज तोच अधिक चर्चेत असतो. काळ्या आजारातून उठलेल्या काही लोकांच्या चेहऱ्यावर आणि अंगावर काही काळाने फिकट चट्टे आणि गाठी येत. वरवर पाहता तो कुष्ठरोग वाटे. १९२२ मध्ये उपेंद्रनाथांनी अशा रुग्णांच्या त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत लिशमेनियाचे परजीवी आढळले.

याचा अर्थ गंभीर होता. ताप गेला, प्लीहा पूर्ववत झाली, रुग्ण कामालाही लागला, तरी परजीवी त्वचेत टिकून राहू शकतो. अशा माणसाला फारसा त्रास होत नाही, म्हणून तो डॉक्टरकडे जात नाही. पण त्याला चावलेली वाळूमाशी रोग पुढे नेऊ शकते. या अवस्थेला आज ‘पीकेडीएल’ म्हटले जाते. रुग्ण बरा झाल्यावरही त्याच्याकडे लक्ष ठेवणारा डॉक्टर नसता, तर ही साखळी लक्षात आली नसती.

वाद कोणते झाले? नोबेल का हुकले?

युरिया स्टिबामाइनची नेमकी रासायनिक रचना काय, यावर अनेक वर्षे वाद चालला. त्याच काळात जर्मन कंपन्यांची अँटिमनीची औषधेही बाजारात आली आणि कोणते सरस, याच्या तुलना सुरू झाल्या. कोलकात्यात नव्याने उभ्या राहिलेल्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मधील तज्ज्ञही त्या चाचण्यांत होते. मात्र रचनेचा वाद कसाही असो, रुग्ण बरे होतात याबद्दल शंका उरली नव्हती.

१९२९ मध्ये उपेंद्रनाथांचे नाव वैद्यकाच्या नोबेलसाठी सुचवले गेले. त्या वर्षी हा पुरस्कार जीवनसत्त्वांवरील कामासाठी ख्रिश्चियान आइकमन आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांना मिळाला. १९४२ मध्ये पुन्हा त्यांचे नाव सुचवले गेले, पण महायुद्धामुळे त्या वर्षी वैद्यकाचे नोबेल दिलेच गेले नाही. ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले आणि १९३४ मध्ये ‘सर’ हा किताब बहाल केला.

पुढील वर्षांत त्यांनी काय केले?

१९२४ मध्ये त्यांनी कोलकात्यात कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील आपल्या घरीच ‘ब्रह्मचारी रिसर्च इन्स्टिट्यूट’ सुरू केली. तिथे युरिया स्टिबामाइन तयार होई. काळ्या आजारावरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १९२८ मध्ये आला. १९२७ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावरही शिकवणे थांबले नाही. कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात, ते उष्णकटिबंधीय रोगांचे प्राध्यापक झाले. १९३६ मध्ये होळकरांच्या इंदूरमध्ये भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. कोलकात्यात रक्तपेढी आणि रक्तसंक्रमण सेवा उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

वाळूमाशी चावल्याने माणसाला काळा आजार होतो, हे १९४२ मध्ये स्वयंसेवकांवरील प्रयोगातून निर्विवाद सिद्ध झाले. त्यामुळे आपण ज्या रोगाशी झुंजलो, त्याचा प्रसार कसा होतो हे उपेंद्रनाथांना हयातीतच कळले. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. कोलकात्यातील लाउडन स्ट्रीटला आज त्यांचे नाव आहे.

आज हा रोग कुठे आहे?

युरिया स्टिबामाइन आता वापरात नाही. त्याची जागा सोडियम स्टिबोग्लुकोनेट या अँटिमनीच्याच दुसऱ्या संयुगाने घेतली. पण अर्धवट उपचार, चुकीच्या मात्रा अशा कारणांनी परजीवी सरावले आणि १९९० च्या दशकात उत्तर बिहारच्या काही भागांत निम्म्याहून अधिक रुग्णांवर अँटिमनीचा गुण येईना. १९९२ मध्ये देशात ७७ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती.

त्यानंतर नवी औषधे आली. त्यांतील लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन बी या औषधाची एकच मात्रा पुरते, हे बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी मुझफ्फरपूर येथील रुग्णांवरील अभ्यासातून २०१० मध्ये दाखवून दिले. म्हणजे हा टप्पाही गाठला तो शिकवणाऱ्या आणि त्याच वेळी रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनीच. आता बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांपुरता मर्यादित राहिलेल्या या रोगाचे देशातील रुग्ण २०२३ मध्ये हजाराच्या आत आले. बाधित तालुक्यांत दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्टही गाठले गेले. त्याच वर्षी बांगलादेश हा काळ्या आजाराचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून निर्मूलन केल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा पहिला देश ठरला.

हे आकडे असेच टिकवायचे, तर आता शोध घ्यावा लागतो तो तापाच्या रुग्णांबरोबरच त्वचेवर चट्टे असलेल्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या माणसांचा. आरोग्यसेविका बिहारच्या खेड्यांत घरोघरी जाऊन लोकांना असे चट्टे आहेत का, हे विचारतात. या चट्ट्यांत परजीवी दडलेला असतो, हे उपेंद्रनाथांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवले होते.